कोणासमोर झाकायचं? शिवण केंद्रातल्या पदर, बुरखा आणि घुंगटाच्या प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

उत्तर महाराष्ट्रातलं यंत्रमागाचं एक शहर. नाव मुद्दाम देत नाहीये, आणि कोणाची ओळख पटेल असे तपशीलही थोडे बदललेत. तिथे बायकांची एक संस्था शिवण केंद्र चालवते, भाड्याचं पत्र्याचं शेड, आत वीसेक जुकी (विजेवर चालणारी शिलाई) मशीन, दोन-तीन ओव्हरलॉक, एक कटिंगचं मोठं टेबल. शाळेचे युनिफॉर्म, परकर, गाऊन असं जॉबवर्क येतं, पीसवर पैसे मिळतात. मी त्या काळात तिथल्या ट्रेनिंगचं काम बघत होते, कमिटीत नव्हते, पण मीटिंगला बसायचे.

काम करणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका विणकरांच्या मोहल्ल्यातल्या मुस्लिम, बाकी आजूबाजूच्या खेड्यातल्या मराठा आणि माळी घरच्या, राजस्थानातून येऊन इथेच स्थिरावलेल्या दोन-तीन घरातल्या सुना, आणि तांड्यावरून येणारी एक वयस्कर लमाण मावशी. पुरुष तिघंच, कटिंगचे मास्तर, मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक, आणि शनिवारी हिशोब करायला येणारे अकाउंटंट.

वेळ २०२२ च्या एप्रिल-मे महिन्याची. ही वेळ महत्त्वाची आहे कारण कर्नाटकातलं हिजाबचं प्रकरण अगदी ताजं होतं, तिथल्या हायकोर्टाचा निकाल १५ मार्चला लागला होता आणि वर्गात हिजाब घालण्यावरची बंदी कायम राहिली होती. मोहल्ल्यात रोज त्यावरच बोलणं चालायचं, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरत होते. आणि इकडे केंद्रावर शाळेच्या युनिफॉर्मची ऑर्डर, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत द्यायची.

काय झालं

खेड्यातून येणाऱ्या एका काकूंना अपघात झाला. त्या नेहमी डोईवरून पदर घेऊनच मशीनवर बसायच्या, कारण कटिंगचे मास्तर त्यांच्याच गावचे, भावकीतले, नात्याने थोरले दीर लागायचे. आता आपल्या पद्धतीची साडी नेसून पदर डोक्यावरून घेतला की त्याचं टोक उजव्या खांद्यावरून पुढे येतं, आणि जुकीचा बेल्ट पण उजव्या हातालाच. टोक बेल्टमध्ये गेलं, घाबरून पाय पॅडलवर आणखी दाबला गेला, मान ओढली गेली आणि कपाळ मशीनच्या डोक्यावर आपटलं. शेजारच्या मुलीने बटण बंद केलं म्हणून थोडक्यात वाचल्या. कपाळाला टाके पडले, मानेला पट्टा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर नोटीस लागली. उद्यापासून डोक्यावरून काहीही घेऊन मशीनवर बसायचं नाही, कोणालाही सवलत नाही. खाली अध्यक्ष मॅडमची सही.

मॅडमचा हेतू साफ होता हे मी आजही सांगेन. रात्रभर झोपल्या नव्हत्या, मानेऐवजी जीव गेला असता तर काय हाच विचार. पण नोटीस वाचणाऱ्या बायकांनी त्यात अपघात वाचलाच नाही, त्यांनी कर्नाटक वाचलं. संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात गेलं की केंद्रात बुरखा बंद केला. अपघात झाला होता एका हिंदू बाईच्या पदरामुळे, हे कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. आठवडा संपायच्या आत निम्मी मशीन रिकामी, आणि युनिफॉर्मचे गठ्ठे तसेच पडलेले.

इथे मला इराणची आठवण झाली. तिथे १९३६ मध्ये राजा रझा शाहने बायकांनी चादर (डोक्यावरून अंगभर घ्यायचं वस्त्र) काढायचा हुकूम काढला होता, पोलिस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढायचे, आणि त्याचा परिणाम असा झाला की कितीतरी बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. पुढे १९७९ च्या क्रांतीनंतर उलटा हुकूम आला, डोकं झाकणं सक्तीचं, १९८३ पासून कायद्याने. काढा म्हणणारा हुकूम आणि घाला म्हणणारा हुकूम, दोन्ही वेळी बाईला कोणी विचारलं नव्हतं. आमचं केंद्र म्हणजे काही इराण नव्हे, पण हुकूम निघाल्यावर बाई घरी बसते हे आम्ही डोळ्यांनी बघत होतो.

प्रश्न कुठे अडकला

कमिटीची तातडीची मीटिंग झाली. पहिला तासभर सगळे मूळ मुद्दा सोडूनच बोलत होते. एक जण म्हणाले हे सगळं एकाच धर्मात आहे, बाकीच्यांना काही अडचण नाही. हे ऐकून मला राहवलं नाही.

बाईने डोकं झाकण्याचा सगळ्यात जुना लिखित कायदा जो आपल्याला माहीत आहे तो असीरियातला, आजच्या इराकमधला, तीन हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे इस्लामच्या कितीतरी आधीचा. त्यात लग्न झालेल्या बाईने रस्त्यावर डोकं झाकायचं आणि वेश्येने किंवा दासीने झाकायचं नाही, झाकलं तर शिक्षा. म्हणजे तिथे झाकणं ही खानदानी बाईची खूण होती आणि दासीला ती मनाई होती. बायबलमध्ये संत पॉलच्या पत्रात प्रार्थना करताना बाईने डोकं झाकावं असं आहे, कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या नियमावलीत चर्चमध्ये बायकांनी डोकं झाकण्याचा नियम लिहिलेला होता आणि १९८३ च्या नव्या नियमावलीत तो राहिला नाही. कर्मठ ज्यू बायका लग्नानंतर केस झाकतात, काहीजणी त्यासाठी विग घालतात. आणि आपल्याकडे मराठा सरदार-जहागीरदार घराण्यांत गोषा, म्हणजे बायकांनी पडद्यात राहणं, होताच की. शिवाय केशवपन केलेल्या विधवेच्या डोक्यावरचा लाल आलवणाचा पदर, तो तर महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घरांनी पिढ्यान् पिढ्या बघितलाय. त्या पदराला मर्यादा म्हणायचे, पण त्याच्याखाली एका पोरवयातल्या बाईचं आयुष्य संपलेलं असायचं.

सांगायचं हे की कपडा सगळीकडे आहे, पण प्रत्येक ठिकाणी तो वेगळंच काही सांगतोय. कुठे हुद्दा, कुठे देवापुढचा नम्रपणा, कुठे लग्न झाल्याची खूण, कुठे शोक, कुठे स्वतःची ओळख. एका ओळीच्या नोटिशीत हे सगळं बसणार कसं.

पर्याय

मीटिंगमध्ये पुढे आलेले पर्याय असे. नोटीस तशीच ठेवायची, ज्यांना यायचं त्या येतील. हा पर्याय मांडणारे म्हणत होते की सुरक्षा म्हणजे सुरक्षा, आणि त्यांचं अगदीच चूक नव्हतं, चालत्या मशीनवर दुरुस्तीचं काम करणाऱ्याचे कपडे घट्ट हवेत हे तर तेव्हाच्या कारखाने कायद्यातही होतं. दुसरा, नोटीस काढून टाकायची आणि पूर्वीसारखं चालू ठेवायचं, म्हणजे पुढच्या अपघाताची वाट बघायची. तिसरा, मुस्लिम बायकांसाठी मागची खोली वेगळी करून द्यायची, तिथे पुरुष जाणार नाही.

हा तिसरा पर्याय बऱ्याच जणांना आवडला होता, कारण सोपा होता. मी त्याला जोरात विरोध केला आणि आजही करेन. एकदा खोल्या धर्मावर वाटल्या की त्या परत एक होत नाहीत. दुपारचा डबा वेगळा, मग चहा वेगळा, मग कामाचा रेट कोणाला जास्त यावरून भांडण.

चौथी सूचना होती की मोहल्ल्यातल्या मौलानांना आणि राजस्थानी समाजाच्या प्रमुखांना बोलावून त्यांच्याकडूनच काय ते ठरवून घ्यावं. यावर खूप वेळ गेला. ते आले असते तर अफवा एका दिवसात थांबली असती हे खरं, पण मशीनवर बसणाऱ्या बाईच्या डोक्यावर काय असावं हे पुन्हा पुरुषांनीच ठरवलं असतं. शेवटी मतं घेतली आणि ठरलं की आधी बायकांनाच विचारायचं, एकेकीला, घरी जाऊन, आणि विचारायला दोघी जायच्या, मोहल्ल्यातली एक वयाने मोठी आपा आणि आमच्यातली एक ताई.

आणि प्रश्न काय विचारायचा? मॅडमच्या यादीत होतं, तुम्ही काय घालता, किती घालता, काढू शकता का. आपांनी यादी बाजूला ठेवली. म्हणाल्या, असं विचाराल तर कोणी बोलणार नाही, विचारायचं एवढंच की कोणासमोर.

विचारल्यावर काय कळलं

माझ्या मते सगळं प्रकरण इथे फिरलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुस्लिम बायकांपैकी बहुतेकींनी सांगितलं की आत फक्त बायका असतील तर बुरखा आम्ही आल्याआल्या खुंटीला लावतोच, उन्हाळ्यात पत्र्याखाली कोण घालून बसेल. अडचण मास्तर, मेकॅनिक आणि न सांगता आत येणारे व्यापारी यांची. काहीजणींना स्कार्फ कायम हवा होता, बायकांतसुद्धा, सवयच तशी. एक म्हणाली माझी आई कधी बुरखा घालत नव्हती, मी स्वतः वाचून-समजून घालते, कोणाच्या सांगण्यावरून नाही. दुसरी, मुंबईहून लग्न करून आलेली, म्हणाली माहेरी मी घालत नव्हते, इथे सासरी घालावा लागतो. एकाच गल्लीतल्या दोघी, बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या.

राजस्थानी सुनेचं उत्तर ऐकून आमची ताई चक्रावली. मेकॅनिकसमोर तोंड उघडं ठेवायला तिला काहीच वाटत नव्हतं, तो परका, त्याचं काय. माहेरी गेली की घुंगट नाहीच. पण अकाउंटंट तिच्या सासरच्या गावचे, नात्याने जेठ (थोरले दीर) लागणारे, ते शनिवारी आले की घुंगट छातीपर्यंत आणि बोलणं बंद. बरं, फक्त पुरुषांचंच असतं तरी एकवेळ. तिची काकीसास, म्हणजे चुलत सासू, त्याच शेडमध्ये दोन मशीन सोडून बसायची, आणि त्यांच्या घरात थोरल्या सासवांसमोरही तोंड झाकायची रीत. म्हणजे ही पोर दिवसभर घुंगटातून सुई बघत होती आणि आम्हाला वाटायचं हिचं काम हळू का.

नीट बघा, बुरखा आणि घुंगट दोन्हींचा हिशोब पार उलटा आहे. कुराणात, सूरह अन-नूर या अध्यायात, बाईने कोणासमोर साजशृंगार उघडा ठेवला तर चालेल त्या नात्यांची यादी आहे, त्यात वडील, भाऊ, मुलगा यांच्याबरोबर नवऱ्याचे वडील आहेत. म्हणजे सासऱ्यापासून लपायची गरज नाही. परक्यापासून आहे. दिराचं मात्र त्या यादीत नाव नाही. आणि उत्तर भारतातल्या घुंगटात पहिला नंबर सासऱ्याचाच, मग जेठ, आणि परक्या माणसाचं तितकं काही नाही. एक पद्धत घराबाहेरच्या पुरुषापासून अंतर राखते, दुसरी घरातल्याच थोरल्यांपुढे सुनेची पायरी दाखवते. सहाराच्या वाळवंटात तुआरेग म्हणून लोक आहेत, तिथे तर पुरुष तोंड झाकतात, बायका नाही, आणि हे पुरुष सासू-सासऱ्यांसमोर कापड आणखी वर ओढतात. आमच्या राजस्थानी सुनेचा घुंगट शेजारच्या मशीनवरच्या बुरख्यापेक्षा त्या तुआरेग जावयाच्या जास्त जवळचा, असं मला त्या दिवशी वाटलं.

अपघात झालेल्या काकूंचं तिसरंच. तोंड झाकायचा प्रश्नच नाही, पदर म्हणजे थोरल्यांचा मान. घरी पडल्या पडल्या त्यांनी सांगितलं की पदर पिनने बसवून टोक कमरेला खोचलं तर मान कुठे कमी होतो, कोणी सांगितलंच नाही इतके दिवस. लमाण मावशी मात्र ठाम, आरशांची ओढणी अंगावरून उतरणार नाही, तुमचं मशीन तुम्हाला ठेवा. त्यांचं हातकाम इतकं सुंदर होतं की वाद घालायचं कारणच नव्हतं.

काय केलं

सगळ्यात आधी नोटीस काढली. नवीन लावली ती मराठीत आणि उर्दूत, आणि त्यात डोकं हा शब्दच नव्हता. मशीनवर कोणताही सुटा कपडा, सुटे केस, लांब वेणी नको, एवढंच. याने मोकळ्या केसांच्या कॉलेजच्या पोरी पण नियमात आल्या आणि त्यांनी कुरकुर केली, पण त्यांच्या कुरकुरीमुळेच बाकीच्यांना पटलं की हा नियम खरंच सगळ्यांना आहे.

दुसरं, मशीन उघडून बघितली तर निम्म्यांवर बेल्टचं कव्हरच नाही. बेल्ट बदलायला सोपं जावं म्हणून कधीतरी काढून ठेवलेली, कोपऱ्यात पोत्यात पडलेली. ती बसवली. कव्हर जागेवर असतं तर काकूंचा पदर आत जायची शक्यता फारच कमी होती, आणि मग हे सगळं झालंच नसतं कदाचित.

तिसरं, उरलेल्या कापडातून इलॅस्टिकच्या सुती टोप्या शिवल्या, सगळ्यांसाठी एकच रंग. ज्यांना स्कार्फ हवा त्यांना बिनटोकाचा चौकोनी स्कार्फ, हनुवटीखाली पिन. साडीवाल्यांनी पदर खोचायचा. तांड्याच्या मावशींना त्यांच्या मर्जीने काज-बटण आणि हेमिंग, रेट तोच.

चौथं, कटिंगचं टेबल पुढच्या खोलीत हलवलं, मधे पडदा. मेकॅनिकची वेळ दुपारच्या सुट्टीत, त्याआधी बेल. व्यापारी आत येणं बंद. मास्तरांना आधी हे अपमानासारखं वाटलं, बोलले की मी काय बायकांकडे बघतो का. त्यांच्याशी आपाच बोलल्या, "मास्तर, हमारे यहाँ पहले मर्दों को बोला है, नजर नीची रखो, बाद में औरतों को." त्या सूरहमध्ये क्रम खरंच तसाच आहे, आधीची आयत पुरुषांसाठी, मग बायकांची. मास्तर गप्प झाले, आणि पुढे आवाज दिल्याशिवाय पडद्याआत आले नाहीत.

राजस्थानी सुनेचं या कशानेच सुटत नव्हतं. पगार थेट बँक खात्यात सुरू केला म्हणून अकाउंटंटची शनिवारची फेरी टळली, पण काकीसास? आम्ही मशीनची रांग बदलून दोघींना पाठमोरं बसवायचं ठरवत होतो. ताईने त्यापेक्षा काकीसासलाच जाऊन विचारलं, मशीनवर हिने घुंगट काढला तर चालेल का. त्या म्हणाल्या, "मशीन पे तो आँख चाहिए, मैंने कब मना किया?" त्यांनी मनाई केली नव्हती आणि सुनेने कधी विचारलं नव्हतं. त्यानंतर मशीनवर तोंड उघडं, मशीनवरून उठली की पदर खाली.

एक प्रसंग अजून. एका मुलीचा भाऊ आला, म्हणाला आत काय चालतं मला बघायचंय, मगच बहिणीला पाठवतो. त्याला आत घेतलं असतं तर बाकीच्यांना दिलेला शब्द त्याच दिवशी मोडला असता. मॅडमनी नकार दिला आणि त्याच्या आईला बोलावलं. आई सकाळभर बसली, चहा घेतला, आणि जाताना आपल्यालाही काम मिळेल का विचारून गेली.

परिणाम

बहुतेक बायका परत आल्या, एकदम नाही, दोन-दोन तीन-तीन करत. दोघी आल्याच नाहीत, एकीच्या घरच्यांनी ठामपणे नाही म्हटलं, दुसरी कामासाठी दुसरीकडे गेली. युनिफॉर्मची ऑर्डर उशिरा गेली, शाळा चालू झाल्यावर, आणि व्यापाऱ्याने पैसे कापले. तो तोटा संस्थेने सोसला, बायकांच्या पीस रेटला हात लावला नाही.

काकू परत आल्या, मानेचं दुखणं उरलंच. मी होते तोवर मशीनवर पुन्हा कोणाचं काही अडकलं नाही. राजस्थानी सुनेचे पीस वाढले, ते तिने स्वतः वही दाखवून सांगितलं. मोहल्ल्यातला संशय मात्र पूर्ण गेला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टात कर्नाटकच्या प्रकरणावर दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली तेव्हा केंद्रातल्या टोप्यांवरून परत कुजबुज झाली होती.

वेगळं काय करता आलं असतं

अपघाताच्या दिवशी आधी मशीन बघायला हवं होतं. धोका नेमका कुठे आहे हे शोधायच्या आत उपाय बाईच्या डोक्यावर गेला. आणि अशा वातावरणात लेखी नोटीस लावण्याऐवजी काकूंना सगळ्या जणी ओळखत होत्या, त्यांचं नाव घेऊन चार वाक्यं शेडमध्ये उभं राहून बोलली असती तर गोष्ट वेगळी झाली असती.

मौलाना आणि समाजप्रमुखांना न बोलवायचा निर्णय मला अजूनही बरोबर वाटतो, पण त्याची किंमत आम्ही दिली, अफवा आठवडाभर जास्त चालली. मधला मार्ग होता, ठरवायचं बायकांनी आणि ठरलेलं त्यांना फक्त कळवायचं. ते सुचलं तेव्हा उशीर झाला होता.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते मुंबईहून आलेल्या त्या मुलीचं. बेल, पडदा, मेकॅनिकची वेळ, ही सगळी सोय ज्यांना झाकायचं होतं त्यांच्यासाठी उत्तम झाली. तिला झाकायचं नव्हतं. आमच्या पडद्याने तिला बुरखा काढायला एक खोली मिळाली हे खरं, पण घरच्यांना मात्र एक कारण मिळालं, बघा केंद्रातसुद्धा पाळतात. हे तिनेच ताईला नंतर सांगितलं, तक्रार म्हणून नाही, सहज. सक्तीने काढायला लावणं आम्ही टाळलं, सक्तीने घालायला लावलं जातंय तिथे मात्र आम्ही काही बोललो नाही, कारण तो घरचा मामला. एका शिवण केंद्राने कोणाच्या घरात किती शिरावं यावर कमिटीत आजही दोन मतं आहेत. माझं मत असं की घरात शिरू नये, पण तिने मदत मागितली तर मागे हटू नये, आणि तिला मागता येईल अशी जागा आधीपासून असावी.

म्हणून नवीन बॅचला भरती करताना एक बदल केला. फॉर्म भरताना नवरा, भाऊ, सासू कोणी सोबत आलं असेल तर त्यांना पुढच्या खोलीत चहाला बसवतात, आणि आत फक्त आपा किंवा ताई त्या मुलीला विचारते, मशीनवर तुला स्वतःला काय सोयीचं आहे, आणि कोणी काही म्हटलं तर आम्ही काय सांगावं असं तुला वाटतं. उत्तर वहीत लिहीत नाहीत, लक्षात ठेवतात.